नगर ते हरेगाव, पायी, सासूबाईंसोबत

आधीच सांगते, मी मूळची प्रोटेस्टंट घरातली. लहानपणापासून चर्चला जायचं, संडे स्कूल, पाठांतराच्या वचनांची स्पर्धा, हे सगळं झालेलं, पण मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मरियेच्या यात्रेला कधी गेले नव्हते, उलट आमच्याकडे त्यावर जरा नाकं मुरडायचे की ते मरियेला भजतात वगैरे. लग्न झालं कॅथलिक घरात. तिथं सासूबाई दरवर्षी सप्टेंबरात हरेगावला चालत जाणार म्हणजे जाणारच. मरियेच्या जन्माचा सण 8 सप्टेंबरला, आणि त्याच्या आसपास श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावात अख्ख्या महाराष्ट्रातून लोक येतात. 2025 ला त्यांच्या सोबतीला जायचं कुणीच नव्हतं, नवऱ्याला सुट्टी नाही, नणंदेची डिलिव्हरी जवळ आलेली, मग मी म्हणलं चला आई, मी येते. नंतर वाटलं हे काय बोलून बसले.

गुरुवारी पहाटे चार वाजता नगरहून निघालो. आमची तुकडी तीस-पस्तीस जणांची, पुढं झेंडा, मागं एक टेम्पो त्यात पिशव्या आणि स्पीकर आणि टाळ. विळद घाट येईपर्यंत मस्त वाटत होतं, मी नवीन स्पोर्ट्स शूज घेतले होते (नवीन बूट घालून चालायला निघणं हा मूर्खपणा आहे हे मला कुणीही सांगितलं नाही, नंतर मात्र प्रत्येकानं सांगितलं). नगर-मनमाड रोड म्हणजे काय ते ज्याला माहितीय त्याला माहितीय, खड्डे, चिखल, ट्रकवाले अंगावर पाणी उडवत जाणार, आणि आपण कडेनं एका रांगेत जपमाळ म्हणत चाललोय.

जपमाळेचं मला फारसं माहित नव्हतं. पन्नास वेळा नमो मरिया ही प्रार्थना आणि दर दहाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यासमोर आणायचा, त्याला रहस्य म्हणतात, आणि वारानुसार रहस्यं बदलतात. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं. ही पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली नव्यानं घातली, त्यामुळं आमच्या तुकडीतल्या म्हाताऱ्या बायकांना ती नीट पाठ नाहीत, बाकीची झोपेतही म्हणतील. दुसरं रहस्य काना गावचं लग्न. द्राक्षारस संपतो, मरिया येशूला सांगते, आणि मग नोकरांना म्हणते, तो सांगेल ते करा. मी आईंना विचारलंच, तुम्ही मरियेकडं का मागता, सरळ येशूकडं का नाही? त्या चालता चालता म्हणल्या, "अगं तिचं तरी दुसरं काय म्हणणं आहे, तो सांगेल ते करा, एवढंच ना." मी घरी येऊन बघितलं, योहानाच्या शुभवर्तमानात मरियेच्या तोंडचं हे शेवटचं वाक्य आहे, त्यानंतर ती क्रुसाजवळ उभी असते पण बोलत नाही. माझे सगळे आक्षेप काही मिटले नाहीत, आजही मी मरियेकडं मागत नाही, पण नाक मुरडणं बंद झालं.

दुपारनंतर माझी टाच गेली. आधी नुसती चुरचुर, मग प्रत्येक पावलाला सुई टोचल्यासारखं. कृषी विद्यापीठाच्या बोर्डापाशी आलो तेव्हा मी टेम्पोत बसायचा विचार करत होते, पण सत्तरीच्या बायका पुढं चालल्यात आणि आपण टेम्पोत, लाज वाटली. आमच्यात एक रिटायर्ड मास्तर होते, पूर्वी धर्मशिक्षण द्यायचे, त्यांच्याबरोबर एक आठवीतला नातू. तो पोरगा सारखा प्रश्न विचारायचा. येशू देवाचा मुलगा म्हणजे देवापेक्षा लहान का? मास्तर खूश. म्हणले, बाळा याच्यावरच सतराशे वर्षांपूर्वी केवढं भांडण झालं, एरियस नावाचा धर्मगुरू म्हणायचा पुत्र हा देवानं निर्माण केलेला, सगळ्यात श्रेष्ठ पण निर्माण केलेलाच, मग सम्राट कॉन्स्टंटाइननं 325 साली नायसिया इथं सगळे बिशप बोलावले आणि तिथं ठरलं की नाही, पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, खऱ्या देवापासून खरा देव. पोरगा म्हणला, मग त्यानं काय फरक पडतो? मास्तर म्हणले, चाल, कळेल. मला ते उत्तर तेव्हा टाळाटाळच वाटली.

मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ते मी सहा वर्षांची असल्यापासून म्हणते. त्यातला पंतय पिलात, येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार, मला कित्येक वर्षं कुणीतरी पेशव्यांच्या दरबारातला पंत वाटायचा, अमृतराव पंत, गोविंद पंत, तसा पंतय. हसू नका, आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचं हेच होतं. सांगायचा मुद्दा, पाठ सगळं होतं, देव पिता, पुत्र, पवित्र आत्मा, क्रूस, तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान, पापांची क्षमा. आमच्या पाळकसाहेबांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, कर्मानं नाही, हे तर इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि तरी माझं सगळं आयुष्य कमवण्यावर चाललेलं. सून म्हणून शाबासकी कमवायची, चर्चमध्ये चांगली म्हणवून घ्यायची, या पायी चालण्यातसुद्धा बघा मी कशी न थकता चालले हे होतंच की.

रात्री राहुरीच्या अलीकडं एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. बूट काढले तर सॉक्स टाचेला चिकटलेले. आईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, उठल्या, कुठून तरी घमेलं आणि कोमट पाणी आणलं आणि माझ्यासमोर खाली बसल्या. मी पाय मागं घेतला. अहो आई नको, काय करताय, लोक बघतायत. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा म्हणजे आमच्याकडं काय, कुणाकडंच चालत नाही, पाया तर मी पडते त्यांच्या. त्या म्हणल्या, "पेत्र होऊ नकोस. दे इकडं."

कॅथलिकांच्यात पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फादर बारा जणांचे पाय धुतात, त्यामुळं त्यांना तो प्रसंग एकदम तोंडावर. शेवटच्या भोजनाला येशू उठतो, कमरेला टॉवेल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो. पेत्र म्हणतो माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, आणि येशू म्हणतो की मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटाच नाही. मी यावर संडे स्कूलमध्ये नाटकसुद्धा केलंय. पण त्यात मला नेहमी वाटायचं, मुद्दा नम्रतेचा आहे, आपण दुसऱ्यांची सेवा करावी. घमेल्यात पाय घालून बसल्यावर कळलं की सेवा करणं त्यामानानं सोपं आहे, मी आनंदानं अख्ख्या तुकडीचे पाय धुतले असते. करून घेणं मला जमेना. रडू यायला लागलं आणि ते दुखण्याचं नव्हतं.

त्यांनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार नेला आणि दोरा तसाच ठेवला, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि कातडी निघत नाही. पंढरीचे वारकरी पण हेच करतात म्हणे. डॉक्टर मैत्रीण नंतर ओरडली की इन्फेक्शन होतं, तेही खरं असेल.

झोप लागेना म्हणून पडल्या पडल्या मास्तरांचं डोक्यात घोळत होतं. एरियसचं खरं असतं तर त्या रात्री पाय धुणारा एक फार मोठा गुरू असता, संत असता, देवाचा सगळ्यात लाडका सेवक असता, आणि देव स्वतः वर कुठंतरी आसनावर बसलेला असता. सेवकानं पाय धुतले यात नवल काय, सेवकाचं कामच ते. पण खऱ्या देवापासून खरा देव असं म्हणलं की मग घमेल्यासमोर देवच बसलाय. मग शिष्यत्वाचं सगळं गणितच फिरतं, आपण देवाला खूश करायला चाललेलो नसतो, त्यानं आधीच पाय धरलेत. पुढं येशू म्हणतो मी तुम्हाला केलं तसं तुम्ही करा, आपल्या मराठी बायबलात तिथं कित्ता शब्द आहे, कित्ता घालून दिलाय. कित्ता म्हणजे आधी मास्तरांनी काढलेलं अक्षर असतं आणि मग आपण त्यावरून गिरवतो. आधी आपलं वेडंवाकडं आणि मग मास्तर तपासणार असं नाही.

शुक्रवारी दुःखाची रहस्यं म्हणत राहुरी ओलांडली. या राहुरीत रेव्हरंड टिळक राहत होते, नारायण वामन टिळक, 1895 ला बाप्तिस्मा घेतलेले, जे म्हणायचे की आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडं आलो. त्यांची गीतं आमच्याकडंही आणि आईंच्या पॅरिशमध्येही म्हणतात, त्यामुळं तेवढा अर्धा तास मला सगळे शब्द येत होते आणि मी जरा मोठ्यानंच गायले. मी आईंच्या जुन्या चपला घालून चालत होते. एका टपरीवाल्यानं आमचा झेंडा बघून विचारलं, माउली कुठं निघालात, आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. मी सवयीनं पाकीट काढलं होतं, परत ठेवलं.

शनिवारी प्रवरा ओलांडून बेलापूर, मग श्रीरामपूर, आणि शेवटचा पट्टा उसातून. हरेगावात शिरलो तर गर्दीच गर्दी, पाळणे, खेळणीवाले, रेवड्या, मेणबत्त्यांचे ढीग, नाशिकची, संभाजीनगरची, मुंबईची माणसं. दर्शनाची रांग बघून मला घेरी आली. आई म्हणल्या राहू दे, इथूनच बघ, ती ओळखते. मग आम्ही चिखलात प्लास्टिक टाकून बसलो आणि संध्याकाळची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, ऐकली.

घरी आल्यावर सोमवारी आईंचे पाय हे एवढे सुजलेले. मी कामावरून येऊन घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून आणलं तर त्यांनी पाय सोफ्यावर ओढून घेतले, अगं नको, तू दमून आलीस, मी घेते माझं माझं.

मी म्हणलं, पेत्र?

"गप गं," म्हणल्या, "आधी कुकर बंद कर, चार शिट्ट्या झाल्या."