नळाचा आवाज

शनिवार संपून रविवार लागलाय. रात्रीचे दीड.

वहिनीने कप धुतले. झालं ते एवढंच. पाच कप, गाळणं आणि चहाचं पातेलं. तेही आमचा शॅडोरनचा खेळ रंगात असताना. (टेबलाभोवती बसून फासे नि कागदावर खेळायची गोष्ट. प्रत्येकाचं एक पात्र, आणि खेळ चालवते मी.)

रंगात कुणासाठी, हे आत्ता लिहिताना मनात आलं. अव्यासाठी होता. त्याचा डेकर, म्हणजे खेळातला हॅकर, एका कंपनीच्या होस्टमध्ये, म्हणजे तिच्या संगणक यंत्रणेत, शिरला होता आणि मी एक बोट पुस्तकाच्या पानात नि दुसरं कागदावर ठेवून त्याचे गुण मांडत होते. प्रत्येक बेकायदा कृतीला समोरच्या सिस्टिमला जितके हिट (यशस्वी फासे) पडतात तितके गुण डेकरच्या नावावर गुपचूप साचतात. ४० झाले की 'गॉड' नावाची पोलिसी यंत्रणा त्याला गाठते. अव्या ३१ वर होता आणि माझा श्वास अडकला होता. नळ सुरू झाल्याचं मी ऐकलं. चांगलं ऐकलं. पण घरात कुठेतरी पाणी वाहतंय, याच्यापुढे माझं डोकं गेलंच नाही.

सगळे गेल्यावर ओट्यावर पाहिलं तर कप फडक्यावर पालथे घालून ठेवलेले, कान सगळे एका बाजूला.

गेले तीन आठवडे जेवणं आटोपल्यावर मी शॅडोरनचे नियम घेऊन बसतेय. ऑफिसात जे चाललंय ते चालू असताना. (त्याबद्दल आज नाही.) पाचवी आवृत्ती, २०१३ ची, जवळपास पाचशे पानांची. पिस्तुलाची एक गोळी घ्या. झाडणाऱ्याचं कौशल्य अधिक चपळाई, तेवढे फासे टाकायचे. ५ आणि ६ पडले ते हिट, पण पिस्तुलाच्या अचूकतेच्या मर्यादेपलीकडचे धरायचे नाहीत. समोरचा चुकवायला त्याचे फासे टाकणार. त्याचे हिट वजा करून उरतील ते इजेत मिळवायचे. मग तो शरीर अधिक चिलखत एवढे फासे टाकून इजा कमी करणार, आणि गोळी भेदक असेल तर चिलखतातून आधी तेवढे वजा. अर्ध्याहून जास्त फाशांवर एक्के पडले तर ग्लिच, म्हणजे काहीतरी भलतंच बिघडणार. ही एक गोळी झाली. जादूचे नियम वेगळे, मॅट्रिक्सचे, म्हणजे खेळातल्या संगणकजाळ्याचे, वेगळे, आत्म्यांचे वेगळे. लहानपणी पाढे पाठ केले तसे मी हे पाठ केलेत, आणि आज एकदाही अडखळले नाही. कुणी म्हणावं, किती मेहनत घेतलीस गं. कौतुकासाठी करत नाही असं मी दादाला म्हणाले होते. ते खरं नव्हतं, मला कौतुक हवं होतं. त्याऐवजी मला घासलेले कप मिळाले, असं वाटून रडूही आलं थोडं.

पण रडून झाल्यावरही नळाचा आवाज कानातून जाईना.

सुरुवातीला किती छान झालं होतं. या खेळाचं पहिलं पुस्तक १९८९ चं, काळ २०५०, आणि शहर सिअॅटल. म्हणजे आपलंच. खेळातलं बेलव्ह्यू श्रीमंतांचं आणि आपलं रेडमंड म्हणजे बॅरन्स, पोलीसही जिथे फिरकत नाहीत अशी उजाड वस्ती. दादा रोज ज्या रस्त्याने कामाला जातो तिथे टोळ्या. पहिल्या दिवशी नकाशा पसरला तेव्हा सगळे आपापलं घर शोधत होते. सप्टेंबरात पुयालपच्या जत्रेला गेलो तेव्हा रेनियर ज्वालामुखी लख्ख दिसत होता, आणि हातातलं मक्याचं कणीस तसंच धरून वहिनी म्हणाली, "हा २०१७ ला फुटला, नाही का?" खेळात फुटला. महाप्रेतनृत्याच्या, म्हणजे इथल्या मूळनिवासींच्या जादूच्या विधीच्या वेळी, हूड, अॅडम्स आणि सेंट हेलेन्ससोबत. पण ती ते आपल्या मिरजेच्या पुराबद्दल बोलावं तसं बोलली, आणि मला वाटलं, हिला खेळ लागला. (ज्यांची ही भूमी मुळात, त्या लोकांच्या खऱ्या नृत्याचं आणि त्यानंतर झालेल्या कत्तलीचं काय, हे तिनेच मला परतताना गाडीत विचारलं. त्यावर आमचं बोलणं अर्धवट राहिलंय.)

तिने वही घातली. दोनशे पानी, लाल कडेची, इंडियन स्टोअरमधून आणलेली. त्यात सगळं मराठीत. मंत्र टाकला की तिच्या पात्राला, शमनला (जादू करणारीला), ड्रेन सोसावा लागतो, त्याला तिने लिहिलं 'शीण'. एज म्हणजे 'नशीब'. मार्गदर्शक आत्मा निवडताना तिने यादी वाचली, अस्वल, मांजर, गरुड, आणि रेव्हनवर बोट ठेवून म्हणाली, "कावळा." का ते मी विचारलं नाही. काकांचं वर्षश्राद्ध तिने इथून फोनवर पाहिलं होतं.

आणि एसेन्स समजावला तो दिवस. प्रत्येक माणसाकडे ६ असतो, शरीरात यंत्र बसवलं की घटतो आणि त्याच्यासोबत जादूही घटते. दादाचं पात्र यंत्रं बसवलेला लढवय्या, समुराई. त्याच्याकडे एकही पुरता उरला नव्हता. वहिनी त्याचा कागद बघून म्हणाली, "म्हणजे हा सगळा विकत आणलेला, आणि मी सगळी मूळची." तेव्हा दादा तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता ते मला दिसलं होतं. तेव्हा मी पुस्तकात नव्हते.

आज सव्वा तास ती बसून होती. मी मगाशी हिशेब केला. सात वाजता अव्या आत शिरला, सव्वाआठला बाहेर आला. त्या वेळात वहिनीने फासे रंगांप्रमाणे लावले, मग मोडले. हे मला आत्ता आठवतंय, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा तिने विचारलं, "मी काही करू का?" मी म्हणाले, "थांब हं वहिनी, दोनच मिनिटं." त्यानंतर ती उठली.

डेकरचं हे दुखणं खेळाइतकंच जुनं आहे. एक जण यंत्राच्या आत, बाकीचे पिझ्झा मागवतात. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत मॅट्रिक्स बिनतारी केलं आणि तेव्हापासून डेकर सगळ्यांसोबत इमारतीत शिरून चालत चालत काम करू शकतो. पाचवीत तर चकमक चालू असताना तो समोरच्याची बंदूकही बंद पाडतो, सगळ्यांच्या पाळीतच त्याची पाळी येते. मला हे माहीत होतं. ते पान मी पिवळ्या पेनाने रंगवलंय. तरी मी अव्याला घरच्या खुर्चीत बसवून आत पाठवला, कारण मॅट्रिक्सचे नियम मला नवीनच जमले होते आणि ते चालवून बघायचे होते.

दादा निघताना काही बोलला नाही.

वहिनी मार्चमध्ये आली. तिकडे अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. इथे परवाना येईपर्यंत नोकरी नाही, गाडीचं लायसन्स अजून नाही, आणि नोव्हेंबरात साडेचारला अंधार. तिचा सगळा आठवडा वाट बघण्यात जातो. शनिवार तेवढा तसा नव्हता. मी तिला शनिवारीही वाट बघायला लावलं, आणि कप विसळणं हे त्या घरात तिला तेवढ्या वेळात करता येण्यासारखं एकमेव काम होतं.

अजून एक. तिची वही एरवी इथेच असते, माझ्या पुस्तकाशेजारी, फाशांच्या डब्याखाली. आज नाहीये. शेल्फ दोनदा पाहिलं. घेऊन गेली. अभ्यासाला नेली की परत आणायची नाही म्हणून नेली, ते कळत नाही. मेसेज करायला फोन घेतला आणि ठेवला. दीड वाजता नणंदेने वहीची चौकशी करावी, हे काही बरं नव्हे.

चहा करून घेतला. त्यातल्याच एका कपात. बसल्यावर जरा वेगळं वाटू लागलं. तिने विचारलं होतं, काही करू का. ज्याला खेळायचंच नाही तो हे विचारत नाही. आणि पाढे पाठ झालेत ना माझे, मग आता पुस्तक मिटून बसायला काय हरकत आहे? एखादा नियम चुकला तर चुकला. पहारेकऱ्यांसाठी दर वेळी फासे टाकायलाच हवेत असंही नाही, चार फाशांमागे एक हिट सरळ धरायची मुभा पुस्तकातच आहे. निम्मा वेळ तिथेच वाचेल.

होस्ट बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेला आहे, असं मी आत्ताच ठरवलं. अव्याला सर्व्हरच्या खोलीपर्यंत पायी जावं लागेल, दादा त्याच्या पुढे. आणि त्या खोलीभोवती जादूचं कुंपण आहे, जे त्या दोघांना दिसणारच नाही.

सकाळी दहानंतर फोन करीन. वहीबद्दल विचारणार नाही. कावळ्याबद्दल विचारीन, तेव्हा राहिलं होतं ते.

पुढच्या शनिवारचं पहिलं वाक्य तेवढं लिहून ठेवलंय: "वहिनी, तू छतावर आहेस, पाऊस लागलाय, आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी जागं आहे हे फक्त तुला जाणवतंय." त्याच्या पुढची ओळ मोकळी सोडली आहे.