फेब्रुवारीतलं सेरेंगेटी

आज दिवसभर टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला, एनडुटूच्या मैदानात होतो. नजर जाईल तिथवर विल्डेबीस्ट, म्हणजे गाईसारखी दिसणारी मोठी हरणं, आणि त्यांच्या पायांत घोटाळणारी तांबूस पिल्लं. एक तर डोळ्यांदेखत जन्मलं, आणि काही मिनिटांत धडपडत उभं राहून आईमागे पळायलाही लागलं! अंगावर काटा आला.

स्थलांतरात उत्तरेकडची मारा नदी ओलांडणारे यांचे कळप बघायचे तर जुलै ते ऑक्टोबरच. पण तेव्हा नदीकाठी गाड्यांची गर्दी फार. इथे जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत लाखो पिल्लं जन्मतात. माती ज्वालामुखीच्या राखेची, तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फरस गवतात उतरतं. दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच हवं असतं. गवत आखूड, त्यामुळे चित्तेही लांबून दिसतात. शिकारही दिसते, लहान मुलं सोबत असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. पण पहिली सफारी असेल तर फेब्रुवारीतच या.