किल्ली कोणाकडे? पहिल्या वर्षाच्या रिव्हिजनचा माझा अनुभव

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत (शरीररचनेत) हात, पाय, पोट आधी उरकतं. मेंदू आणि एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे भ्रूणाच्या वाढीचा अभ्यास, शेवटाकडे ढकललं जातं. फिजिओलॉजीतही (शरीराच्या कामकाजात) नर्व्हस आणि रिप्रॉडक्टिव्ह सिस्टीम मागेच राहतात, आणि प्रिलिमनंतरच्या (कॉलेजच्या सराव परीक्षेनंतरच्या) सुट्टीत हे सगळं एकदम अंगावर येतं. मी ती सुट्टी सोलापुरातच काढली. बाहेर बेचाळीसच्या पुढचं ऊन, म्हणून पहाटे चारला उठून दहापर्यंत वाचायचं आणि दुपारी आकृत्या काढायच्या. रिव्हिजन पूर्ण झाली, मार्कही चांगले पडले. पण एका कुलपाने जो जीव खाल्ला त्याचा राग अजून गेलेला नाही.

रिप्रॉडक्टिव्ह फिजिओलॉजी लवकर झाली. पाळीच्या चक्रातले चार हार्मोन एकाच आलेखावर रोज न बघता काढायचे. ओव्ह्युलेशननंतरचे (बीज बाहेर पडल्यानंतरचे) १४ दिवस जवळपास पक्के असतात, चक्र लांबतं किंवा आखडतं ते त्याआधीच्या भागामुळे, हे डोक्यात बसलं की बाकीचं मागोमाग येतं.

एम्ब्रियॉलॉजीत एकच गोष्ट आधी मिटवून घ्या, ती म्हणजे तारखांचा हिशेब. भ्रूणाचं वय फलनापासून मोजतात आणि गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून, म्हणजे साधारण दोन आठवड्यांचा फरक. न्यूरल ट्यूब म्हणजे जिच्यातून मेंदू आणि स्पायनल कॉर्ड बनते ती नळी; तिचं मागचं टोक २८व्या दिवसाच्या आसपास मिटतं. पाळीच्या हिशेबाने तेव्हा सहा आठवडे झालेले असतात, आणि कित्येक बायकांना दिवस राहिल्याचं तेव्हा कुठे कळतं. म्हणूनच रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात. हे समजल्यावर मला तो २८व्या दिवसाचा आकडा पाठ करावा लागलाच नाही.

आता मेंदू.

ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूला स्पायनल कॉर्डशी जोडणारा देठ, चित्रावरून कळत नाही, हे मी ठामपणे सांगते. चित्रात मिडब्रेन, पॉन्स, मेडुला हे एकाखाली एक सपाट काप असतात. कुठली नर्व्ह पुढून निघते, ट्रॉक्लिअर (चौथी नर्व्ह) तेवढी एकटीच मागून कशी निघते, चौथ्या व्हेंट्रिकलची (मेंदूतल्या पोकळीची) जमीन म्हणजे नक्की कुठला भाग, हे कळायला तो तुकडा हातात घेऊन फिरवावा लागतो. आमच्या विभागाच्या म्युझियममध्ये असे तुकडे भरपूर होते. पण सुट्टी लागली आणि म्युझियमला कुलूप पडलं.

ऑफिसात विचारलं, तर "अर्ज द्या." अर्ज दिला, तर "त्यावर विभागप्रमुखांची सही लागेल." सर दुसऱ्या गावी परीक्षक म्हणून गेलेले. मग कळलं की मेंटॉर मॅडममार्फत दिलेला अर्जही चालतो. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर! मॅडमनी उभ्या उभ्या सही केली. तो कागद घेऊन परत खिडकीशी गेले, तेव्हा पहिला अर्ज आवक रजिस्टरमध्ये चढवलेलाच नव्हता. तो कुठे गेला, कोणालाच माहीत नाही. नवा अर्ज चढला, मंजूर झाला, आणि मग समजलं की किल्ली म्युझियमच्या शिपाई मामांकडे आहे आणि मामा गावच्या जत्रेला गेलेत. दुसरी किल्ली? "आहे, पण ती द्यायची पद्धत नाही."

म्युझियमच्या दाराला काच आहे. त्या काचेतून आतल्या बरण्या दिसत होत्या, आणि मला खरोखर संताप आला. कोणीतरी मरणाआधी देहदानाचा फॉर्म भरला, मागे राहिलेल्यांनी दुःखात असताना ती इच्छा पाळली, ती आमच्यासारख्यांनी शिकावं म्हणून. ज्या दिवसांत शिकणाऱ्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच ते कुलपाआड ठेवायचं? ज्या माणसाने एवढं दिलं, त्याचा हा अपमान आहे. खिडकीपलीकडच्या साहेबांनाही मी हे असंच बोलून दाखवलं.

मामा आले त्याच सकाळी त्यांनी दार उघडून दिलं. वर स्वतःहून म्हणाले, "तायांनो, जेवायला जाईपर्यंत बसा, मी आहे इथं." त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आम्ही मैत्रिणी फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना ब्रेनस्टेम हातात घेऊन बसलो. चौथ्या व्हेंट्रिकलच्या जमिनीवर मधल्या रेषेलगत फेशियल कॉलिक्युलस नावाचा उंचवटा बोटाला लागला. सहाव्या नर्व्हच्या न्यूक्लिअसला (पेशींच्या पुंजक्याला) सातवीचे तंतू वळसा घालतात, त्याचाच हा उंचवटा. आणि तिथेच एम्ब्रियॉलॉजी जागेवर बसली. न्यूरल ट्यूबमध्ये अलार प्लेट (सेन्सरी, म्हणजे संवेदनेचा भाग) मागे आणि बेसल प्लेट (मोटर, म्हणजे हालचालीचा भाग) पुढे असते. वरच्या मेडुलात आणि पॉन्समध्ये ट्यूबची मागची बाजू पुस्तक उघडावं तशी फाकते, त्यामुळे सेन्सरी भाग बाहेरच्या अंगाला आणि मोटर भाग मधोमध येतो. क्रेनियल नर्व्हच्या न्यूक्लिअसची अख्खी यादी मी रात्रंदिवस घोकत होते, ती त्या एका सकाळी उलगडली.

संवेदनांच्या वाटा मांडून बघायला सोबत दोन रंगांची लोकर न्या. दुखण्याची संवेदना मणक्याच्या पातळीलाच बाजू बदलते, सूक्ष्म स्पर्श आणि कंपनाची मेडुलापर्यंत वर जाऊन मग बदलते. स्पायनल कॉर्ड अर्धी कापली गेली तर कुठल्या बाजूचं काय जाईल, हे लोकर टाकून एकदा बघितलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

आधीच सांगायला हवं होतं ते आत्ता आठवलं: मेंदू, एम्ब्रियॉलॉजी आणि रिप्रॉडक्टिव्ह फिजिओलॉजी हे तिन्ही विषय वेगवेगळ्या वह्यांत ठेवू नका. कालमन सिंड्रोम घ्या. जीएनआरएच (वयात येण्याला चालना देणारं हार्मोन) स्रवणाऱ्या पेशी भ्रूणावस्थेत नाकाच्या भागात तयार होतात आणि घ्राणतंतूंच्या वाटेने मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातात. ती वाट चुकली तर मुलाला वास येत नाही आणि वयात येणंही रखडतं. वायव्हात (तोंडी परीक्षेत) मला हेच विचारलं. मी तिन्ही विषयांतून उत्तर दिलं, तेव्हा बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या मॅडमनी पुढचा प्रश्न न विचारता मान डोलावली. तो आनंद मला अजून पुरतोय.

आता परीक्षेला बसणाऱ्यांनी प्रिलिम संपायच्या आतच सगळ्या बॅचचा मिळून एक अर्ज द्यावा, मेंटॉरच्या सहीने. आवक क्रमांक समोर टाकून घ्या, शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो काढा, आणि सुट्टीत किल्ली कोणाकडे राहणार ते त्याच अर्जात लेखी विचारा.