नारळाला डोळे असतात

पुण्या-मुंबईचा पाहुणा आमच्या वाडीत शिरला की चालता चालता वर बघतो. साठ फुटांवर नारळांचे घोस लोंबत असतात आणि पायवाट बरोबर त्यांच्याखालून जाते. पाहुण्याच्या डोक्यात हिशोब सुरू झालेला चेहऱ्यावर दिसतो. हिशोब खोटाही नाही. दीड-दोन किलोचा असोला नारळ तेवढ्या उंचीवरून सुटला तर जमिनीशी येईपर्यंत ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरचा वेग घेतो, म्हणजे आमच्या घाटातल्या एसटीपेक्षा जास्त. मग घरातलं कोणीतरी ठरलेलं वाक्य टाकतं, ‘चला हो बिनधास्त, नारळाला डोळे असतात.’

असतात हे खरंच. तीन असतात. पण ते सोडणाच्या आत, करवंटीवर. आणि त्यातलाही एकच उघडण्यासारखा, कोंब बाहेर येतो तो तिथूनच. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, सोलल्याशिवाय त्याला दिसणार कसं? ‘तुला दिसत नाही म्हणून त्याला दिसत नाही असं कोण म्हणालं?’ आजीने विचारलं आणि विषय संपला. आमच्या घरात आजवर कोणाच्या डोक्यात नारळ पडलेला नाही. पत्रे फुटले, एक बादली गेली, एकदा कुत्र्याचं शेपूट थोडक्यात वाचलं.

यंदा मे महिन्यात भाची आली होती. अकरावीतून बारावीत गेलेली. दापोलीच्या पुढे, समुद्राच्या अंगाला आमचं गाव. रात्री लाइट गेली की खळ्यात सतरंजी टाकायची आणि पडून राहायचं, एवढाच कार्यक्रम. अमावास्येच्या आसपासची रात्र होती. आग्नेयेला वृश्चिक वर आली होती आणि तिच्या मधोमध ज्येष्ठा, निखाऱ्यासारखी. भाची म्हणाली, ‘मामा, ती कधीही फुटू शकते, माहितीये?’

माहिती होतं. ज्येष्ठा म्हातारी झालेली तारा आहे, सूर्याच्या कित्येकशे पट फुगलेली, आणि तिचा शेवट स्फोटातच व्हायचा आहे. पण ती साडेपाचशे प्रकाशवर्षं लांब आहे. आम्ही बघत होतो तो उजेड तिथून निघाला त्या सुमारास बहमनींचा महमूद गवान कोकणात किल्ले घेत फिरत होता. इतक्या लांबून ती फुटली तर आपल्याला फक्त शोभा. भाचीला हे पटलं, पण ज्येष्ठा ही तिच्या यादीतली पहिलीच होती. फोनवर रात्रभर तेच बघते पोरगी. लघुग्रह, गॅमा किरणांचे स्फोट, भटकी कृष्णविवरं. ‘झोप नाही लागत,’ ती म्हणाली. हे मात्र तिने जरा हळू आवाजात सांगितलं.

लघुग्रहाचं मी मनावर घेतलं नाही, कारण त्याला आता डोळे फुटले आहेत. त्याला म्हणजे आपल्याला. २०२४ च्या २७ डिसेंबरला चिलीतल्या दुर्बिणीने २०२४ वायआर४ नावाचा एक धोंडा हेरला. २०३२ च्या २२ डिसेंबरला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांपर्यंत चढली होती. आणि पडलाच तर कुठे, याचा जो पट्टा काढला होता तो पॅसिफिकपासून आफ्रिकेवरून थेट अरबी समुद्र आणि आपल्यापर्यंत येत होता. आठवडाभर मी गावात कोणाला बोललो नाही. जमिनीचे भाव पडायचे. पण आणखी निरीक्षणं झाली तशी ती शक्यता शून्याला टेकली. अपोफिस नावाचा दुसरा धोंडा २०२९ च्या १४ एप्रिलला, आपल्या पहाटे, सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून, पण जाईल. आणि २०२२ च्या सप्टेंबरात नासाने डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम यान आपटून त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची फेरी ३२ मिनिटांनी लहान करून दाखवली आहे. बैलाला टोचावं तसं. जे टोचून वळतं त्याला घाबरायचं, पण हाताला काम देऊन.

‘मग डायनासोर?’ भाची म्हणाली.

मी ती टेकली होती त्या जोत्यावर हात आपटला. जांभ्याचे चिरे. साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर दहा-पंधरा किलोमीटरचा धोंडा पडला, आणि साधारण त्याच काळात इकडे लाव्हा थरावर थर ओतत होता. तोच थिजून सह्याद्री झाला. पुढे पावसाने तो दगड लाखो वर्षं कुजवला, त्यातली माती धुऊन नेली, लोखंड मागे ठेवलं, आणि त्याचा जांभा झाला. म्हणजे आमचं घर प्रलयाच्या उरलेल्या मालाचं आहे. पावसाळ्यात गळतं ते त्यामुळे नाही, ते गवंड्यामुळे.

भाची हसली नाही. तिची खरी भीती अजून पुढेच होती. ‘मामा, व्हॅक्यूम डिके.’

हे प्रकरण खरोखरच बिनडोळ्यांचं आहे. आपण ज्याला रिकामं अवकाश म्हणतो ते कदाचित आपल्या तळाला टेकलेलंच नाही, असं गणित सुचवतं. तिला समजावायला मी आमच्या पडवीचंच उदाहरण घेतलं. कधीकधी नारळ पडतो तो कौलांवर, आणि दोन कौलांच्या खाचेत अडकून बसतो. खालून बघणाऱ्याला वाटतं, बसला आता. वर्षभर बसतोही. पण तो तळाला नाही, मधेच अडलेला आहे. आपलं विश्व तसं मधेच अडलेलं असेल, तर कुठेतरी एका बिंदूत ते घसरेल, तिथे एक बुडबुडा तयार होईल आणि प्रकाशाच्या वेगाने फुगत जाईल. त्याच्या आत अणूही आपले राहणार नाहीत. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे तो येतोय ही बातमी आणि तो स्वतः एकाच गाडीतून उतरणार. सांगावा धाडायलाही आधीची गाडी नाही. विश्वाचं आजचं वय १३८० कोटी वर्षं आहे आणि हे घडायला त्याच्या कित्येक पट, मोजता न येण्याइतका काळ लागेल असं गणित सांगतं. पण ‘अजून खूप वेळ आहे’ ने कोणाची झोप परत आली आहे?

गॅमा किरणांचंही तसंच. २०२२ च्या ९ ऑक्टोबरला सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षं लांबून असा एक झोत आला. इतका जबर, की वातावरणाच्या वरच्या थरात काही तास खळबळ माजली. भारतातल्या विजा टिपणाऱ्या यंत्रांनीही त्याची नोंद घेतली. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजले होते, आणि मी नंतर दिनदर्शिका काढून बघितलं, त्या दिवशी कोजागिरी होती. आम्ही दूध आटवत बसलो होतो. केशर कोणी जास्त घातलं यावरून बायकोचं आणि माझं वाजलंही होतं. ‘को जागर्ति’ विचारत लक्ष्मी यायची त्या रात्री हे दुसरंच कोणीतरी वरून जाऊन आलं, आणि जागे असूनही आम्हाला पत्ता नाही.

मग मी तिला स्कायलॅबची गोष्ट सांगितली. १९७९ चा जुलै. मी नऊ वर्षांचा. अमेरिकेची सत्त्याहत्तर टनांची अवकाशप्रयोगशाळा खाली येत होती आणि नेमकी कुठे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. रेडिओवर रोज तेच. बाहेर आषाढाचा पाऊस. गावात कोणी कोंबडी कापली, कोणी उधारी मागणं सोडलं, कोणी उधारी देणं सोडलं. आमच्या माळ्यावर पत्र्याचे दोन डबे होते आंब्याच्या साठांचे, म्हणजे आंबापोळीचे. एक घरचा, एक गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांचा. दुसऱ्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. ११ तारखेला संध्याकाळी आजीने तो डबा स्वतः खाली काढला, झाकण उघडलं आणि म्हणाली, ‘खा रे पोरांनो. आता ठेवायची कुणासाठी?’ आयुष्यात तसा सोहळा पुन्हा झाला नाही. आम्ही चुलत-आते धरून सात पोरं, आणि जगाचा शेवट.

रात्री दहाच्या सुमारास स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. (तिथल्या एका गावाने नंतर नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड केला. हे गाव कोकणातलं असावं असा मला संशय आहे.) सकाळ झाली. गाय हंबरत होती, पाऊस होता, पन्हळ तुंबली होती. आजी माळ्यावर चढली, रिकामा डबा खाली आणला, धुतला आणि पालथा घातला. दीड महिन्याने मुंबईचे काका जेवताना म्हणाले, ‘यंदा साठं नाहीत का गो?’ आजी पानातून वर न बघता म्हणाली, ‘स्कायलॅबनं खाल्ली.’

तेव्हापासून घरात नियमच पडला असावा. २०२० च्या २ जूनला, निसर्ग वादळ दुसऱ्या दिवशी येणार हे फोनवर सारखं सांगत होते, तेव्हा आईने साठांचा डबा उघडला नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, सुतळीने बांधला आणि माजघरात पलंगाखाली सारला. ३ तारखेला दुपारी जे व्हायचं ते झालं. कौलं पानांसारखी उडाली. सुपाऱ्या तर काडेपेटीतल्या काड्या. वारा पडल्यावर मी वाडीत गेलो तेव्हा घाबरलो नव्हतो, हे मला स्पष्ट आठवतं. घाबरलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. नारळ लावला तर सहा-सात वर्षं, सुपारीलाही तेवढीच. कौलं कुठेच मिळेनात. ताडपत्रीला सोन्याचा भाव. चोवीस दिवस लाइट नाही. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘पडलेली झाडं उभी असताना किती होती?’ त्या प्रश्नाने मला जेवढं हादरवलं तेवढं वादळानेही नव्हतं.

भाचीला मी म्हटलं, ‘तुझ्या बुडबुड्यात पंचनामा नाही बघ. पडझड मोजायला कोणी मागे राहणार नाही. तेरावं कोण घालणार, आणि पिंडाला शिवायला कावळा तरी कुठला? ज्याला दुसरा दिवसच नाही त्याची भीती कशी वाटून घ्यायची, मला जमत नाही. प्रयत्न केला मी.’

ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, ‘पण म्हणूनच तर वाईट वाटतं ना. मागे कोणीच नाही, असं कसं चालेल?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आकाशात सूर्यालाही मुदत आहे. शंभरेक कोटी वर्षांत तो तापून समुद्र आटवील म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर सध्या उलटंच चाललंय, समुद्र दरवर्षी सुरूची एक रांग खातो. पण हे तिला सांगून काही साधणार नव्हतं.

ओटीवरून आईचा आवाज आला. ती दिवसातून वीस वेळा आभाळाकडे बघते, पण ढगांसाठी. ताटात वाळत घातलेली साठं एका वळवाने जातात. ‘काय गो, कोण मरतंय एवढं?’

‘सगळेच, आजी,’ भाची म्हणाली. ‘साठांचा डबा काढू का?’

‘गेल्या वर्षीचा काढ. एकेक तुकडा घ्या. बाकीची गणपतीला.’

ती उठून काळोखात आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वाडीत कुठेतरी धप्प झालं. आम्ही सगळेच थोडा वेळ ऐकत राहिलो.

‘रहाटाकडचा,’ आई म्हणाली. ‘सकाळी आठवणीने उचला, नाहीतर शेजारी नेतील.’