पूर आठवतो, तारीख नाही

कृष्णेच्या जुन्या पुरांच्या नोंदी एका जागी आणायचं काम सांगलीत आमच्याकडे आलं. आधीच्या सॉफ्टवेअरमधली माहिती आलेखावर टाकली, तर सर्वांत उंच खांब १ जानेवारीला. जानेवारीत कृष्णेला पूर? तारखेच्या रकान्यात दिवस, महिना, साल भरल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नव्हती; ज्याला फक्त साल ठाऊक होतं, त्यानं १ जानेवारी टाकली. शाळेत घालताना १ जून जन्मतारीख लागलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, तसाच हा प्रकार. पण इथे त्या तारखेवरून गणितं व्हायची होती.

अनिश्चित तारीख लिहायची पद्धत जगात आहे. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहायच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ सालच्या दुसऱ्या भागात सालापुढे ? लावलं की शंका, ~ लावलं की सुमारे, % म्हणजे दोन्ही. न समजलेल्या आकड्याच्या जागी एक्स. ही चिन्हं घेऊन मी हरिपूरला एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. सोबत नोंदी टाइप करणारी आमची सहकारी होती.

गुरुजी म्हणाले, "परड्यात पाणी आलं ते कोयनेच्या भूकंपाआधीच्या पावसाळ्यात." भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. (जागतिक वेळेनुसार तेव्हा १० डिसेंबरच होती, म्हणून भूकंपाच्या याद्यांत दोन्ही तारखा सापडतात.) सहकारीनं १९६७? असं टाइप केलं. गुरुजी पडद्याकडे वाकले. "प्रश्नचिन्ह कशाला, बाळ? साल पक्कं आहे. दिवस तेवढा आठवत नाही."

त्यांचं अगदी बरोबर होतं. अपुरी माहिती निराळी आणि संशयाची माहिती निराळी. तिथे जून ते सप्टेंबर १९६७ एवढंच लिहायला हवं होतं, चिन्हाशिवाय.

पुढची आठवण उलटी निघाली. "नागपंचमीच होती, लेकी माहेरी आल्या होत्या. साल १९५३, नाहीतर त्याच्या पुढचं." म्हणजे तिथी ठाम, साल दोनांपैकी एक. नागपंचमी २०१९ साली ५ ऑगस्टला होती, तेव्हा सांगलीत पाणी चढतच होतं. २०२० साली ती २५ जुलैला आली, २०२३ साली अधिक श्रावणामुळे २१ ऑगस्टला. साल ठरल्याशिवाय तिथीची तारीख काढता येत नाही, आणि मधली एखादी तारीख धरणं म्हणजे नवा १ जानेवारी तयार करणं.

त्याच ओसरीवर रकाना बदलायचं ठरलं. माणूस 'सुमारे', 'बहुतेक', 'नाहीतर' असं बोलतो तसंच टाइप करू द्यायचं. ती चिन्हं मागे यंत्रानं लावायची. खाली लगेच दाखवायचं: 'समजलं ते असं – नागपंचमी, १९५३ किंवा १९५४.' पटलं तरच जतन. आत लवकरात लवकरची आणि उशिरात उशिराची तारीख, शिवाय मूळ वाक्य जसंच्या तसं. हे मूळ वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. उद्या एखादी जुनी वही सापडली, तर साल त्याच्यावरूनच पक्कं करता येईल.

निघताना गुरुजींनी आणखी एक रकाना मागितला: कुणी सांगितलं. शेजारच्या आजी त्याच पुराचं साल १९५६ सांगतात म्हणे. आम्ही दोन्ही नोंदी ठेवल्या, एकमेकींना जोडून.