केप्टिनिस लागर अपडेट: धार सुटली एकदाची!

मंडळी, वर्ट (माल्टमधून निघणारं गोड पाणी, यीस्ट घालून ज्याची बियर होते) वाहिला! आणि कसा, तर एकसारखी बारीक धार, तळापर्यंत, नळाला एकदाही काडी न घालता. गेल्या बॅचला धार अर्ध्यातच बंद पडली होती, ते ज्यांच्या लक्षात आहे त्यांना कळेल मी का एवढा नाचतोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. केप्टिनिस म्हणजे उत्तर-पूर्व लिथुआनियातली, औक्श्ताइतिया भागातली बियर करायची पद्धत, मॅश केलेलं, म्हणजे गरम पाण्यात भिजवून ठेवलेलं, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) सरळ पाव भाजायच्या भट्टीत घालून भाजायचं, मग ते फोडून गवताच्या थरावर टाकायचं, वरून गरम पाणी ओतायचं आणि खालून वर्ट काढायचा. वर्ट उकळत नाहीत. हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) वेगळे उकळून त्याचं पाणी नंतर मिसळतात. रंग, कॅरमल, पावाच्या कडेची चव हे सगळं भट्टीच देते. पारंपरिक केप्टिनिस घरगुती यीस्टवर होते, लागर (थंडीत हळू आंबवलेली बियर) नसते. पण बिर्झाई, पास्वालिस, पानेवेझिस पट्ट्यात फिरलात तर कायमिश्कस, म्हणजे गावठी, या नावाखाली लागर यीस्टवरच्या पाश्चराइज न केलेल्या बियरही भरपूर मिळतात, म्हणून मला दोन्हींची सांगड घालायची होती. भाजलेला मॅश, लागर यीस्ट, उकळी नाही.

आता मुख्य दुखणं, रनऑफ, म्हणजे वर्ट खाली वाहून निघणं.

माझ्याकडे कौनास शहरातल्या फ्लॅटमधला साधा इलेक्ट्रिक ओव्हन. खोल भांड्यात मॅश ठेवला की वरचा थर काळपट आणि मध्ये नुसती पिवळी पेज, कारण गावच्या भट्टीत चारही बाजूंच्या विटांमधून उष्णता आत शिरते आणि आमच्या ओव्हनमध्ये तेवढा जोरच नाही. त्यामुळे पसरट ट्रे घेतले, थर तीन सेंटीमीटरच्या आत, 200 डिग्रीला, वरचं खाली होईल असं मधूनमधून उलटत. भाजणी झकास होते, घरभर दुधाच्या खरवडीसारखा वास. पण नंतर हा माल पाण्यात कालवला की गिच्च गाळ होतो आणि फॉल्स बॉटमवर, म्हणजे टबच्या तळाच्या जाळीवर, असा बसतो की थेंबही हलत नाही. तूस टाका असं तुमच्यापैकी दोघांनी सुचवलं होतं, ती टाकली, थोडा फरक पडला, पण अर्ध्यात पुन्हा बंद.

बरेच दिवस वाटत होतं गाळणीच बदलावी. एका ऑनलाइन दुकानातून स्टीलची जाळी मागवली होती, तिची वीण एका बाजूला सैल आणि दुसरीकडे घट्ट, मेल केला तर उत्तर नाही, असो, तिथून परत काही घेणार नाही. पण गोम जाळीत नव्हतीच.

शेजारचे आजोबा मूळचे कुपिश्किसकडचे, त्यांच्या घरी लहानपणी ही बियर व्हायची. त्यांना गाळाचा फोटो दाखवला तर लगेच म्हणाले, "अरे, हे ढवळतोस कशाला? फोडायचं आणि सोडून द्यायचं." मग डोक्यात प्रकाश पडला. भाजताना स्टार्च आणि प्रोटीन मिळून टरफलं एकमेकांना चिकटतात, ढेकळं बनतात. ढेकूळ तसंच ठेवलं तर त्याच्या फटींतून पाणी झिरपतं आणि साखर घेऊन उतरतं. ढवळलं की ढेकूळ मोडतं, बारीक पीठ सुटतं, आणि आपण ज्या टरफलांच्या भरवशावर लॉटरिंग (वर्ट गाळून काढणं) करतो ती चिखलात रुतून बसतात.

तर या वेळी असं केलं. दळण जाडंभरडं ठेवलं, टरफल अख्खं सुटेल इतपतच. भाजण्याआधी 66 डिग्रीला पूर्ण तासभर मॅश आणि आयोडिन टेस्ट (स्टार्च उरला असेल तर निळी होते) स्वच्छ आल्याशिवाय ट्रेमध्ये काही घातलं नाही, कारण एकदा ओव्हनमध्ये गेलं की एन्झाइम मेले, उरलेला स्टार्च मग तसाच राहणार. लॉटर टबच्या तळाशी रासबेरीच्या वाळक्या फांद्या आडव्या-उभ्या, त्यावर राईचं (राय धान्याचं, मोहरीचं नव्हे) गवत, आधी उकळत्या पाण्याने धुवून घेतलेलं (दोन्ही आजोबांच्या ओळखीने गावाकडून आलं, फुकट!). फांद्यांमुळे गवत नळाच्या वर उचलून राहतं, गवत मग चेपलं तरी खाली पोकळी राहते. त्यावर भाजलेले तुकडे अक्रोडाएवढे फोडून, हाताने रचून. पाणी 80 डिग्रीचं, झाऱ्यातून हळू. अर्धा तास काही करायचं नाही. मग नळ जेमतेम उघडायचा. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते परत वर ओतायचे, आणि त्यानंतर जे आलं ते बघून मी बायकोला हाका मारून बोलावलं. दाट चहासारखं तांबडं, आरपार स्वच्छ.

5 किलो माल्ट (पिल्सनर आणि म्युनिक निम्मं-निम्मं, पानेवेझिसला माल्टिंगचा मोठा कारखाना असल्यामुळे इथे असल्या मूळ माल्टची चिंता नाही) आणि हातात 14 लिटर, ओजी (आंबण्याआधीची घनता) 1.050. एफिशियन्सी, म्हणजे माल्टमधली किती साखर हाती आली ते, पन्नास टक्क्यांच्याही खाली, पण केप्टिनिसमध्ये ती रडत बसायची गोष्ट नाही, जे भाजून चव होतं त्याची किंमत कुठेतरी मोजावीच लागते.

उकळीबद्दल. पक्क्या गावठी बियरला गावठी यीस्ट असतं, ते गरम असतानाच घालतात आणि ते इतकं झपाट्याने उठतं की लॅक्टोला (बियर आंबट करणाऱ्या जिवाणूंना) संधीच मिळत नाही. लागर यीस्ट थंडीत आरामात उठणार, तोवर कच्चा वर्ट आंबट झाला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून वर्ट 80 डिग्रीला पंधरा मिनिटं धरून थंड केला. डीएमएसचं (न उकळलेल्या वर्टमध्ये मक्यासारखा वास आणणारं रसायन) मला टेन्शन नव्हतं, ओव्हनमध्ये तासन् तास भाजताना त्याचं बरंच काम होऊन गेलेलं असणार असा माझा हिशोब, आणि ग्लासमध्ये मक्याचा वास खरंच नाही. यीस्ट फर्मेंटिस कंपनीचं 34/70 हे लागर यीस्ट, दुप्पट, 13 डिग्रीला. या यीस्टवर माझा डोळे झाकून विश्वास आहे. एफजी (आंबून झाल्यावरची घनता) 1.016 वर थांबली, म्हणजे साधारण साडेचार टक्के अल्कोहोल, अंगाला भरलेली पण जड नाही.

चव सांगतो. आधी पावाची कड, मग टॉफी, मागे अगदी थोडा हॉप्सचा कडूपणा, आणि न उकळल्यामुळे तोंडात एक मऊ गोलपणा, जो नेहमीच्या लागरमध्ये शोधून सापडत नाही. फ्रीजमधून काढून लगेच पिऊ नका प्लीज! 9-10 डिग्रीला येऊ द्या, मोठ्या जाड मगात ओता, गॅस कमीच ठेवा. आणि ताजी प्या, कच्ची बियर आहे, महिनोन् महिने साठवायची वस्तू नाही. सोबत केप्ता दुओना हवाच, काळ्या राईच्या पावाच्या पट्ट्या तेलात कुरकुरीत तळायच्या आणि गरम असतानाच सोललेला लसूण त्यावर घासायचा, मीठ. नाहीतर उकडलेले वाटाणे आणि त्यावर खमंग परतलेल्या चरबीचे तुकडे. आमच्या एका मित्राने त्या पट्ट्यांवर घरून आलेली सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी भुरभुरली, आणि खरं सांगतो, आता माझ्याकडे ती तशीच मिळेल.

पुढची बॅच याच रेसिपीने आजोबांच्या गावच्या भट्टीत करायची असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता एक सुचलं. शेवटच्या स्पार्जमध्ये (वरून ओतलेल्या गरम पाण्यात) आयोडिनला अगदी किंचित निळसर झाक आली होती, म्हणजे कडक तुकड्यांच्या पोटातून स्टार्च उशिरा सुटतोय. मग अर्धा किलो माल्ट न भाजता बाजूला ठेवलं आणि पाणी 80 ऐवजी 68 डिग्रीवर आणून ते वरच्या थरात मिसळलं तर? ताजे एन्झाइम मिळतील, स्टार्च तिथेच तुटेल. कच्च्या माल्टबरोबर लॅक्टो येईल, पण 80 ची पायरी आहेच नंतर. धारेवर काय परिणाम होतो हे आधी घरच्या ओव्हनमध्ये छोट्या टबात बघतो, गावची भट्टी थोडी पुढे ढकलली.

आणि वर्ट दोन फरमेंटरमध्ये वाटणार. एकात 34/70, दुसऱ्यात योवारू, आल्दोना उद्रियेने यांच्या ब्रुअरीचं यीस्ट, जे आता लॅबकडून विकत मिळतं. ते डायस्टॅटिक आहे, म्हणजे डेक्स्ट्रिन (साध्या यीस्टला न पचणारी साखर) खाऊन बियर कोरडी करतं, त्यामुळे टॉफी उरते की नाही ते बघायचंय. ज्यांनी ते 30 डिग्रीच्या वर चालवलंय त्यांनी एफजी किती खाली गेली ते सांगा, त्यावरून मी म्युनिकचं प्रमाण वाढवेन.