परसातले किडे ओळखताना

चिपळूणला आमच्या परसात तुळस, कढीलिंब, दोन लिंबं आणि बाकी रान. मोबाइलला चिमट्याचं मॅक्रो (अगदी जवळून टिपणारं) भिंग लावून मी तिथले किडे टिपू लागलो. ऊन तापायच्या आधी किडे सुस्त असतात, तेव्हा फोटो बरे येतात. भुंग्यांच्या पाठी मात्र उन्हात चकाकतात, त्यांच्यावर छत्री धरावी लागते. (शेजारचे काका अजून हसतात.)

किडा ओळखण्याच्या मानाने फोटो काढणं सोपं. तुळशीवर घिरट्या घालणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ‘मधमाशी’ निघाली पुष्पमाशी. माश्यांना पंख दोन, मधमाश्यांना चार, हे पुस्तकात ठीक आहे. पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी जोडलेले असतात, फोटोत तेही दोनच दिसतात. त्यापेक्षा मिशा बघाव्यात. पुष्पमाशीच्या अगदी आखूड असतात. तेव्हापासून मी पाठीचा एक, बाजूचा एक आणि तोंडाचा एक असे फोटो घेतो. तोंडाचा नसला की पुढे घोडं अडतंच.

आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर फोटो टाकला की यंत्र नाव सुचवतं, मग माणसं तपासतात. प्रजातीवर दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं तर नोंद संशोधन दर्जाची ठरते. यंत्राच्या पहिल्या नावावर मी विसंबत नाही. किडा कोणत्या झाडावर होता, हे आधी लिहितो.

कढीलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा सुरवंट होता. या वयात कॉमन मॉर्मन आणि लाइम फुलपाखराचे सुरवंट जवळपास सारखेच दिसतात, झाडही दोघांना चालतं. म्हणून बरणीत जाळी लावून, रोज ताजा पाला घालून वाढवला. पुढे तो हिरवा झाला, कोषात गेला. बाहेर आली ती काळी मादी, मागच्या पंखांवर पांढरे-लाल ठिपके. यंत्र म्हणालं, कॉमन रोझ! ते फुलपाखरू विषारी, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या त्याचंच सोंग घेतात. खूण अंगावर असते: रोझचं पोट लाल, मॉर्मनचं काळं. आमचीचं काळं होतं. शिवाय रोझचा सुरवंट कढीलिंब खातच नाही, त्याला ईश्वरीच्या कुळातल्या वेली लागतात.

ओटीवरच्या दिव्याशी येणारे बारके पतंग मात्र बहुतेक कुळापर्यंतच पोचतात. काहींची जात जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरते, तिथे माझा मोबाइल काय करणार! त्या नोंदी कुळाच्याच नावाने ठेवल्या आहेत.